मूकपटाचा नायक आणि बोलपटाची भाषा : मास्टर विठ्ठल यांचे नटजीवन

भाषा आणि वाङ्मय यांच्या अभ्यासास वाहिलेल्या नियतकालिकात एका मूकपटातील नटाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्याच्या कलेला शब्दाचे साहाय्यच नव्हते, त्याचे भाषेशी नाते ते कोणते? परंतु हा प्रश्न थोडा उलटा करून पाहिला, म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानात येते. चित्रपटात शब्द नव्हता तोवर एक मराठी नट साऱ्या हिंदुस्थानचा नायक होऊ शकला. चित्रपटाला वाणी फुटली, आणि ज्या चित्रपटात ती प्रथम फुटली त्याचा नायकही हाच नट होता. पण त्या दिवसापासून तो साऱ्या देशाचा राहिला नाही. माणसाच्या जिभेवर त्याची मायबोली किती खोल रुजलेली असते आणि तिची किंमत त्याला केव्हा कशी मोजावी लागते, हे समजून घेण्यास मास्टर विठ्ठल यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण आपल्या रंगभूमीच्या व चित्रपटाच्या इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

मास्टर विठ्ठल यांचे नाव आज उच्चारले जाते ते बहुधा एकाच वाक्यात : ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे ते नायक होते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात आणि पुढे जातात. वस्तुतः बालनट, स्त्रीभूमिका करणारा नट, चित्रपटाचा संकलक, साहसपटांचा नायक, दिग्दर्शक आणि अखेरीस छोट्या भूमिकांतला चरित्रनट इतक्या पायऱ्या या एका आयुष्यात आहेत. त्या क्रमाने पाहिल्या तर एका व्यक्तीच्या कथेबरोबर एका स्थित्यंतराचाही इतिहास उलगडतो.

विठ्ठल यांचा आरंभ रंगभूमीवर झाला. राजापूरकर नाटक मंडळीत बालनट म्हणून त्यांनी प्रथम तोंडाला रंग लावला. त्या काळच्या नाटक मंडळ्या म्हणजे फिरती बिऱ्हाडे होती. कोवळ्या वयाची मुले घरदार सोडून मंडळीत दाखल होत. तेथेच त्यांचे जेवणखाण, तेथेच तालीम, आणि शिक्षण असेल नसेल तेवढे तेथेच. सन १८८० साली ‘शाकुंतला’चा प्रयोग करून अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत रंगभूमीचा पाया घातला, तेव्हापासून मराठी नाटकाचा प्राण गळ्यात येऊन राहिला होता. स्वतः अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या मंडळीचा आत्मा ठरलेले भाऊराव कोल्हटकर बडोद्याहून आलेले. भाऊरावांपासून बालगंधर्वांपर्यंत जी परंपरा चालत आली, तिच्यात नटाची पारख प्रथम सुरावर होई, मग रूपावर आणि मग अभिनयावर. स्त्रीभूमिका पुरुषांनी करावयाच्या हा तर दंडकच होता. त्यामुळे सुकुमार बांध्याच्या व गोड आवाजाच्या मुलाला मंडळीत मान मिळे. मात्र पुढे आवाज फुटला, म्हणजे कित्येकांचे भवितव्य एका हंगामात पालटून जाई.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे. कारण मराठी नटाच्या दृष्टीने मूकपट ही एक विलक्षण नवी पेठ होती. येथे गळ्याचे राज्य संपले होते. ताना, पदे, ‘वन्समोअर’ यांपैकी कशाचाच तेथे उपयोग नव्हता. उपयोग होता तो चेहऱ्याचा, डोळ्यांचा, हालचालीच्या डौलाचा आणि अंगाच्या चपळाईचा. रंगभूमीने ज्याला दुय्यम मानले होते ते शरीर या नव्या कलेत पहिल्या आसनावर जाऊन बसले.

विठ्ठल या नव्या क्षेत्रात आले ते कोल्हापुरात, बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. बाबूराव हे मूळचे चित्रकार. आनंदराव पेंटर या आपल्या बंधूंच्या समवेत त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले होते. परदेशी यंत्रावर न विसंबता त्यांनी कॅमेरा स्वतः सिद्ध केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा आपला पहिला मूकपट लोकांपुढे ठेवला. पाठोपाठ ‘सुरेखाहरण’, ‘सिंहगड’ यांसारखी चित्रे निघाली. कोल्हापूर हे शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कुस्ती, चित्रकला, संगीत आणि नाटक यांचे माहेरघर बनलेले गाव. त्या गावात निघालेल्या कंपनीत या साऱ्या कलांचे लोक एकत्र आले यात नवल नाही.

या कंपनीची एक रीत विशेष सांगण्यासारखी आहे. ‘मी नट, मी तंत्रज्ञ’ अशी वाटणी तेथे नव्हती. पुढे ‘प्रभात’च्या रूपाने कीर्ती मिळविणारे दामले, फत्तेलाल, शांताराम हे सारे याच कंपनीत हाताला येईल ते काम करीत तयार झाले. ज्याने सकाळी सामान उचलावे त्यानेच दुपारी राजाचा पोशाख चढवावा, अशी ती कार्यशाळा होती. विठ्ठल यांच्याकडे संकलनाचे काम आले आणि जोडीला किरकोळ भूमिकाही. त्या काळी संकलन म्हणजे फिल्मचे तुकडे प्रकाशाशी धरून पाहावयाचे, कात्रीने कापावयाचे, नेमक्या जागी मजकुराच्या पाट्या घालून सारे हाताने जोडावयाचे. एखादी हालचाल कोठे तोडली असता तिचा वेग वाढतो, चेहरा किती क्षण दिसला म्हणजे भाव पोचतो, हे तेथे ग्रंथावाचून कळते. पुढे पडद्यावरच्या चपळाईसाठी नावाजलेल्या या नटाने प्रथम दुसऱ्यांच्या हालचाली कात्रीने तोलल्या होत्या, ही गोष्ट चरित्रकाराने दुर्लक्षिण्यासारखी नाही.

सन १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ या चित्रात विठ्ठल प्रथम नजरेत भरण्याजोग्या भूमिकेत दिसले, आणि ती भूमिका होती एका नर्तकीची! शिवकालातील कथेवर बाबूरावांनी रचलेला हा मूकपट. त्यातील नाचणारी स्त्री म्हणजे पुढे तलवारबहाद्दर म्हणून गाजलेला हा तरुण होय, असे सांगितले तर आज कोणाला खरे वाटणार नाही. पण रंगभूमीच्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला त्यात काहीच विपरीत वाटले नसावे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली होती. त्याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. स्त्रीने पडद्यावर येण्यास आरंभ झाला होता, पण जुनी रीत पुरती मोडली नव्हती. या संधिकाळात विठ्ठल उभे होते. त्यांच्या अंगी एका बाजूला रंगभूमीचे स्त्रीपात्राचे लालित्य होते, दुसऱ्या बाजूला येऊ घातलेल्या साहसपटाचा आवेश.

कोल्हापूर सोडून ते मुंबईस गेले ते ‘शारदा फिल्म कंपनी’त. ही कंपनी १९२५ साली भोगीलाल दवे आणि नानुभाई देसाई यांनी मयाशंकर भट्ट यांच्या भांडवलावर काढली. कोल्हापूरच्या कंपनीचा पिंड चित्रकाराचा होता, तर शारदेचा पिंड व्यापाऱ्याचा. लोकांना काय हवे हे तिने अचूक हेरले. डग्लस फेअरबँक्स या अमेरिकन नटाची चित्रे त्या वेळी हिंदुस्थानात तुफान चालत होती. सरकारने १९२७ साली नेमलेल्या रंगाचारियार समितीपुढे जी माहिती आली, तीवरून त्याचा ‘थीफ ऑफ बगदाद’ हा आपल्याकडील परदेशी चित्रांत सर्वांत लोकप्रिय ठरल्याचे दिसते. गच्चीवरून उडी, दोरावरून झोका, घोड्याची भरधाव दौड, एकट्याने दहाजणांशी दिलेली झुंज, हा सारा मसाला देशी वेषात आणि देशी कथांत घालावा, ही शारदेची कल्पना. या कल्पनेला नायक हवा होता. तो विठ्ठल यांच्या रूपाने मिळाला.

‘रतन मंजरी’ (१९२६) या चित्रात विठ्ठल प्रथम प्रमुख नायक झाले, आणि त्यानंतर चारपाच वर्षे त्यांच्या नावाचा डंका वाजत राहिला. ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ ही पदवी लोकांनीच त्यांना बहाल केली. मूकपटाच्या नटांत सर्वाधिक वेतन घेणारा नट, अशी त्यांची ख्याती झाली. नाटक मंडळीतल्या एका पोराने दहाबारा वर्षांत गाठलेला हा पल्ला सामान्य म्हणता येणार नाही.

या लोकप्रियतेचे मर्म कशात होते? केवळ अंगबळात नव्हे. मूकपट ही त्या काळची एकमेव अशी करमणूक होती की जिला भाषेची वेस नव्हती. पडद्यावरील पाट्या निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेल्या असत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी प्रेक्षागृहात कोणी मोठ्याने वाचून दाखवी. पडद्याच्या पुढे पेटी-तबला वाजे, आणि तो त्या त्या गावचा असे. म्हणजे चित्र एकच, पण लाहोरात ते पंजाबी होई, मद्रासेत तमिळ, हैदराबादेत दखनी आणि बेळगावात मराठी व कानडी असे दोन्ही. नायक कोणत्या प्रांताचा, हा प्रश्न कोणाच्या मनात येतच नसे. विठ्ठल यांची प्रत्येक प्रेक्षकाशी त्याच्याच भाषेत ओळख होती, कारण त्यांची स्वतःची अशी भाषा पडद्यावर नव्हतीच. ज्याला मौन म्हणून आपण उणीव समजतो, ते मौन हेच त्यांचे सर्वांत मोठे भांडवल होते.

कीर्तीबरोबर तंटाही आला. विठ्ठल शारदेशी करारबद्ध होते, आणि तो करार बाजूला सारून ते दुसरीकडे गेले. त्यावरून प्रकरण न्यायालयात पोहोचले. विठ्ठल यांची बाजू मांडली ती बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी, आणि दाव्यात विठ्ठल यांची सरशी झाली. पुढे एका राष्ट्राचे संस्थापक ठरलेल्या कायदेपंडिताने एका मराठी नटाचे वकीलपत्र घ्यावे, हा योगायोग लोकांना मोठा रंजक वाटतो, आणि बहुतेक लेखक तेवढे सांगून थांबतात. मला त्यात दुसराच अर्थ दिसतो. नाटक मंडळीत नट हा मालकाच्या घरचा माणूस असे. करार असे, पण त्याहून अन्नाचे ऋण मोठे मानले जाई. चित्रपटाच्या धंद्यात नट ही प्रथमच बाजारभाव असलेली वस्तू झाली, आणि त्याच वेळी आपल्या भावावर स्वतः हक्क सांगणारी व्यक्तीही झाली. मुंबईतील एक अग्रगण्य बॅरिस्टर उभा करावा इतके नटाच्या नावाचे मोल वाढले होते, हा त्या दाव्याचा इतिहासाच्या दृष्टीने खरा निष्कर्ष होय.

आता आपण त्या सुप्रसिद्ध चित्रपटाकडे येऊ. आर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात लागला. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावर तो आधारलेला होता. नायिका झुबेदा, इतर भूमिकांत जिल्लूबाई, तरुण पृथ्वीराज कपूर, आणि फकिराच्या वेषात गाणे म्हणणारे डब्ल्यू. एम. खान. नायकासाठी प्रथम मेहबूब खान यांचा विचार झाला होता, असे सांगतात. पण नव्या धाडसात पैसा घालणाऱ्या इराणींना लोकांच्या ओळखीचे नाव हवे होते. ते नाव मास्टर विठ्ठल यांचे होते.

हा चित्रपट कोणत्या परिस्थितीत तयार झाला, ते समजून घेतल्यावाचून नायकाविषयी न्याय्य मत देता येणार नाही. चित्रनिर्मितीगृहाजवळून आगगाडीचे रूळ जात. दिवसा गाड्यांचा खडखडाट होई, म्हणून चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर चाले. ध्वनिग्राहक यंत्र नटांच्या आसपास कोठे तरी दडवून ठेवलेले असे, आणि त्याच्या कक्षेबाहेर तोंड वळविण्याची सोय नव्हती. चित्र व आवाज यांची नोंद एकाच फिल्मवर एकाच वेळी होई. याचा अर्थ असा की, उच्चार चुकला तर तो मागाहून सुधारता येत नसे आणि एकाच्या चेहऱ्याला दुसऱ्याचा आवाज जोडता येत नसे. पार्श्वगायनाची युक्ती हिंदी चित्रपटात आली ती १९३५ साली, नितीन बोस यांच्या ‘धूपछाँव’ पासून. चार वर्षांपूर्वी नटाला स्वतःच्या जिभेवरच उभे राहणे प्राप्त होते. ज्याची कीर्ती झेप, धाव आणि झुंज यांवर उभारलेली, त्याला या रचनेने एका जागी खिळून बोलावयास लावले.

आणि बोलावयाचे होते ते उर्दूच्या वळणाच्या हिंदुस्थानीत. पारशी रंगभूमीची भाषा ही साधी बाजारातली हिंदी नव्हती. तिच्यात लय होती, अरबी-फारसी शब्दांचा साज होता, आणि ‘ज’ व ‘ज़’, ‘क’ व ‘क़’, ‘ख’ व ‘ख़’ यांतील भेद कानाला जाणवावा अशी अपेक्षा होती. मराठीभाषी माणसाचा नेमका येथेच घात होतो. मराठीत ‘ज’चे दोन उच्चार आहेत खरे, पण ते आपल्या नियमाने येतात, उर्दूच्या नव्हे. हैदराबादेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आणि उर्दू माध्यमातून शिकलेल्या मराठी माणसाला हे वर्म ठाऊक आहे, आणि इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या बांधवांना त्यांच्या हिंदीविषयी कोणी मिस्किलपणे ‘आप दक्षिणी हैं?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाचा अर्थ कळतो. कोल्हापूरच्या मुशीत तयार झालेल्या विठ्ठल यांना ती सोय नव्हती. त्यांचे उर्दू उच्चार कच्चे होते, असे चित्रपटाचे इतिहासकार एकमुखाने सांगतात.

याच संदर्भात एक आख्यायिका प्रचलित आहे. नायकाला उर्दू बोलता येईना, म्हणून त्याची भूमिका अशी बेतण्यात आली की तो बराच वेळ अर्धवट शुद्धीत किंवा निश्चेष्ट असावा. ही कथा मनोरंजक आहे, पण ती जशीच्या तशी स्वीकारण्यापूर्वी मूळ कथानक पाहिले पाहिजे. कुमारपूरच्या राजाला दोन राण्या, नवबहार व दिलबहार. नवबहारचा पुत्र कमर हा कथेचा नायक. या राजपुत्राचे प्राण एका हारात गुंतलेले आहेत. मत्सरी दिलबहार तो हार बळकावते; दिवसा ती तो गळ्यात घालते तेव्हा राजपुत्र प्रेतवत् पडतो, रात्री काढून ठेवते तेव्हा तो जागा होतो. म्हणजे नायकाने निर्जीव पडून राहणे हा कथेचाच कणा आहे. लोककथांत आपणही असे राजपुत्र आणि अशा राजकन्या ऐकल्या आहेत. तेव्हा नटासाठी भूमिका मोडली, असे म्हणण्यापेक्षा भूमिका मुळातच अल्पभाषी होती व ती या नटाच्या पथ्यावर पडली, असे म्हणणे अधिक संभवनीय वाटते. त्या अल्पभाषितात आणखी काही काटछाट झाली असेल, ते नाकारण्याचे कारण नाही. पण ‘नायकाला बोलता येत नव्हते म्हणून त्याला मुडदा केले’ हे वाक्य टाळीचे आहे, इतिहासाचे नव्हे.

चित्रपट अमाप चालला. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चारपाच रुपयांना गेले आणि गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले, अशा त्या दिवसांच्या हकिगती आहेत. पण या यशाचा लाभ नायकाला झाला नाही. लोक मॅजेस्टिकच्या दारी लोटले ते बोलणारी व गाणारी चित्रे पाहावयास; जो सर्वांत कमी बोलला त्याची आठवण घेऊन ते परतले नाहीत. पुढे दोनतीन वर्षे हिंदी बोलपटांतून विठ्ठल दिसत राहिले. सन १९३३ मध्ये ‘आवारा शहजादा’ या चित्रपटाचे त्यांनी दिग्दर्शनही केले. त्यात शाहू मोडक यांची दुहेरी भूमिका होती. पण नायकपदाचा सूर्य ढळला होता.

येथे एका समकालीन उदाहरणाशी तुलना करणे उपयुक्त होईल. मूकपटाची सम्राज्ञी गणली गेलेली ‘सुलोचना’, म्हणजे रूबी मायर्स, हिच्यापुढेही हेच संकट उभे राहिले. ती बगदादी ज्यू घराण्यातली; हिंदुस्थानी भाषा तिला येत नव्हती. तिने काही काळ माघार घेऊन भाषेचा अभ्यास केला आणि १९३२ च्या ‘माधुरी’ या बोलपटात ती पुन्हा यशस्वी झाली. तिला साधले ते विठ्ठल यांना का साधले नाही? मला वाटते, फरक केवळ परिश्रमाचा नव्हता. सुलोचनेची प्रतिमा आधुनिक, शहरी युवतीची होती. थोडे परके वळण तिला शोभून जाई. विठ्ठल यांची प्रतिमा राजपुत्राची व योद्ध्याची होती, आणि राजपुत्राने दरबारी भाषा अस्खलित बोललीच पाहिजे, असा प्रेक्षकांचा हट्ट असतो. शिवाय बोलपटाच्या आरंभी सारी हौस गाण्याची व संवादांची होती. तलवारीची खणखण काही काळ मागे पडली. संगीत रंगभूमीवर होते तेच गळ्याचे राज्य पडद्यावर पुन्हा आले. हिशेब मांडला तर दोन गळ्यांच्या राज्यांमध्ये जो सातआठ वर्षांचा अवधी मिळाला, १९२४ ते १९३१ चा, तोच विठ्ठल यांचा काळ होय.

तथापि ही शोकांतिका नव्हे, आणि हाच या चरित्राचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. नायकपद गेल्यावर कित्येक नट धंद्यातून नाहीसे झाले. विठ्ठल परत मराठीकडे वळले. ‘अयोध्येचा राजा’ या ‘प्रभात’च्या चित्रपटाने १९३२ साली मराठी बोलपटाला आरंभ करून दिला होता. ऐतिहासिक चित्रपटांची एक भक्कम परंपरा कोल्हापुरात भालजी पेंढारकर उभारीत होते. घोडा, ढाल-तलवार, मावळी बाणा यांना जेथे अजून मान होता, अशी ती जागा. भालजींच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) पासून ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३) पर्यंतच्या काळात विठ्ठल मराठी चित्रपटांतून लहानमोठ्या भूमिका करीत राहिले. पूर्वी ज्याचे नाव जाहिरातीत अग्रभागी छापले जाई, तो आता नामावलीत खाली कोठे तरी असे. पण तो असे. जवळजवळ पंचवीस वर्षे हे काम त्यांनी केले आणि १९६९ साली त्यांचे निधन झाले. ज्यांनी त्यांना बोलत्या पडद्यावर आणले त्या आर्देशिर इराणींनीही त्याच वर्षी जगाचा निरोप घेतला.

मायबोलीत परतल्यावर जीभ अडखळण्याचा प्रश्न उरला नव्हता, हे वेगळे सांगावयास नको. परंतु मायबोलीने त्यांना गेलेले वैभव परत दिले, असे म्हणणेही खोटे ठरेल. तिने त्यांना काम दिले आणि त्या कामात प्रतिष्ठा दिली. भाषा माणसाला सिंहासन देईलच असे नाही, पण घर देते. प्रांताबाहेर पिढ्या काढलेल्या आपणा मराठी भाषकांना या वाक्याचा अर्थ अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मनाला चुटपुट लावते. ज्या कामावर विठ्ठल यांची कीर्ती उभी होती, ते काम आज पाहता येत नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील अगदी मोजके, तेही पुष्कळदा त्रुटित स्वरूपात, शिल्लक आहेत. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही. शिवाय तिच्यातील चांदी काढून विकता येई. त्यामुळे आगीतून जे वाचले ते भंगारात गेले. ‘आलम आरा’चीही प्रत उपलब्ध नाही, उरली आहेत ती काही छायाचित्रे व जाहिराती. सन २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत पुष्कळ जुने चित्रपट नष्ट झाले, तेव्हा त्यातच ‘आलम आरा’ जळाला अशी वार्ता पसरली. परंतु राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची १९६४ मध्ये उभारणी करणारे पी. के. नायर यांनी, तो चित्रपट संग्रहात कधी आलाच नव्हता, असे स्पष्ट केले होते. पहिल्या बोलपटाचा आवाज आज कोणी ऐकू शकत नाही. परिणामी, विठ्ठल यांचे उर्दू खरोखर किती कच्चे होते, हेही कोणाला स्वतःच्या कानांनी ठरविता येत नाही. मौनाने ज्याला मोठे केले, त्याच्याविरुद्धचा पुरावाही मौनात गेला.

अशा परिस्थितीत नटाचे चरित्र लिहिणाऱ्याने दोन गोष्टी टाळल्या पाहिजेत. एक, त्याला केवळ ‘पहिल्या’च्या यादीतले नाव करून ठेवणे, आणि दोन, त्याच्या पराभवाची एखादी चुटकेवजा गोष्ट हीच त्याची ओळख मानणे. मास्टर विठ्ठल यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी झाल्या आहेत. शाळेत इतिहास शिकविताना मुलांना आपण सांगतो की, घटना सनावळीत असते, पण तिचे कारण परिस्थितीत असते. १४ मार्च १९३१ ही सनावळी झाली. परिस्थिती अशी की, त्या दिवसापर्यंत सबंध देशाचा प्रेक्षक एक होता, आणि त्या दिवसानंतर तो भाषावार विभागला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत बंगाली व तमिळ बोलपट पडद्यावर आले, पुढील वर्षारंभी मराठी व तेलुगू. प्रत्येक भाषेला स्वतःचा पडदा मिळाला, हा मोठा लाभ. त्या लाभातूनच आपल्याला ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ यांसारखी चित्रे मिळाली. पण कोणत्याही भाषेचा नसलेला आणि म्हणून सर्वांचा असलेला नायक त्यानंतर होऊ शकला नाही, ही त्या लाभाची किंमत.

ती किंमत ज्यांनी प्रथम मोजली त्यांत हा मराठी नट अग्रभागी होता. राजापूरकर मंडळीतला बालनट, ‘कल्याण खजिना’तील नर्तकी, कात्री हाती धरलेला संकलक, लाखो प्रेक्षकांचा अबोल योद्धा, ‘आलम आरा’चा अल्पभाषी राजपुत्र आणि भालजींच्या चित्रपटांतला साधा सरदार ही सारी रूपे एकाच माणसाची होती. अष्टपैलू हे विशेषण आपण फार सैलपणे वापरतो. पण प्रत्येक वळणावर जे काम समोर आले ते शिकून घेणे, आणि मानाची जागा गेल्यावरही काम न सोडणे, हा अष्टपैलुत्वाचा अर्थ असेल, तर ते विशेषण मास्टर विठ्ठल यांना निःसंकोच लावता येईल.